साडेपाच किलोची ऊब

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या कपाटात, लेझमांच्या पेटीवर, एक निळी स्लीपिंग बॅग ठेवलेली आहे. डिसेंबर आला की कोणी ना कोणी ते कपाट उघडतं, बॅग बाहेर काढतं आणि मला विचारतं, "सर, ही कोणाची?" आणि मला इंगळे सरांचा राग येतो. माणूस जाऊन तीन वर्षं होत आली, तरी येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये एवढं मलाही कळतं. पण इंगळे सरांनी मला रागावायला इतकी कारणं दिली आणि नीट रागावायला एकदाही सवड दिली नाही, त्यामुळे बराचसा राग शिल्लक राहून गेला आहे.

इंगळे सर आमच्या दुसरबीडच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. मी वरच्या वर्गांना, म्हणजे अकरावी-बारावीला, भौतिकशास्त्र शिकवतो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "काय फिजिक्सवाले!" हीच हाक, मग समोर मुख्याध्यापक असोत की माझे सासरे. ते मूळचे खामगावचे, त्यामुळे त्यांचं 'मले-तुले' पक्कं. आमच्या दुसरबीडला जालन्याकडची हवा लागलेली, त्यामुळे पाचवीत नवी आलेली मुलं त्यांचं बोलणं ऐकून हसायची. मग टाळी ऐकू यायची आणि हसणं थांबायचं.

टाळीचं प्रकरण असं, की गळ्यात कायम पितळी शिट्टी असूनही ती वाजलेली कोणी ऐकली नव्हती. दोन टाळ्या म्हणजे रांग, तीन म्हणजे पळा, एक म्हणजे सगळे गप्प. शिट्टी मग बाळगता कशाला, असं मी एकदा विचारलं. "अडीअडचणीले ठेवली," म्हणाले. "आन शिट्टीनं ढोरं वळतात फिजिक्सवाले, पोट्टे नाही वळत." त्यांची टाळी मैदान ओलांडून रस्त्यावरच्या बस थांब्यापर्यंत जाई. माझा प्रकाशाच्या अपवर्तनावरचा धडा रंगात आलेला असताना ती एक टाळी खिडकीतून आली की माझा अख्खा वर्ग सवयीनं गप्प होई, आणि मीही. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

त्यांचं दुसरं खूळ जास्त त्रासाचं होतं. "वापरल्याशिवाय बोलू नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. नवा दोरखंड आला की रस्सीखेचीला देण्याआधी तो निंबाला बांधून ते स्वतः लटकत. लांब उडीच्या खड्ड्यात नवी रेती पडली तेव्हा पन्नाशीतल्या या गृहस्थांनी पँट दुमडून उडी मारली, घोटा मुरगाळून घेतला आणि लंगडत येऊन सांगितलं, "रेती बराबर नाही." ती खरोखरच बराबर नव्हती. हाच तर त्रास होता. दहापैकी आठ वेळा माणूस बरोबर निघायचा, आणि उरलेल्या दोन वेळांना बोलायची तुमची हिंमत त्या आठ वेळांनी खाल्लेली असायची.

शाळेला कोणीतरी तंबू भेट दिले, तेव्हाची गोष्ट तर गावात अजून सांगतात. तंबू मैदानावर उभा केला. इंगळे सर आत मांडी घालून बसले आणि पाण्याच्या टँकरवाल्याला म्हणाले, "सोड पाइप." टँकरवाला बिचकला. "सर, तुम्ही आत आहात." "म्हणूनच म्हणतो न बे, सोड!" वीस मिनिटं पाणी पडत होतं. शाळा वर्ग सोडून बाहेर आली. शेवटी सर तंबूतून निघाले ते डोक्यापासून पायापर्यंत चिंब, आणि हातात पेन्सिलीनं खुणा केलेला कागद. कुठल्या शिवणीतून किती गळतं त्याचा. सगळ्या शिवणी त्यांनी मेण लावून बुजवून घेतल्या. तंबूवर टँकर सोडणारा हा माणूस. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा माझा सगळा वैताग यातूनच आलेला आहे.

पूनम तेव्हा अकरावीत होती. फाट्यावर तिच्या वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. मुलगी उंच, काटक, कमी बोलणारी. माझ्या विषयात यथातथा, पण चालायला लागली की थांबायची नाही. ती दहावीत असताना लोणारला सहल गेली तेव्हा सगळी मुलं विवराच्या कडेवर बसून चिवडा खात होती आणि ही तळापर्यंत उतरून, परत चढून, "अजून एकदा जाऊ का सर?" विचारत उभी. त्या दिवशी इंगळे सरांनी तिला हेरलं. वर्षभर तिला रोज सकाळी पाठीवर विटांची पिशवी देऊन टेकडीवर पळवलं, अर्ज भरले, चाचणीला नेलं, आणि हिमालयातल्या एका हिवाळी शिबिरासाठी जिल्ह्यातून तिची निवड झाली. बर्फात दहा दिवस. त्या दहा दिवसांत ज्यांचं काम चांगलं, त्यांना पुढे गिर्यारोहणाच्या मोठ्या अभ्यासक्रमाला पाठवणार होते. शिबिर फक्त अकरावीच्या मुलांसाठी होतं. म्हणजे संधी एकच.

शिबिराकडून सामानाची यादी आली. बूट, मोजे, टोपी हे सगळं जमलं. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: उणे दहा अंशांना चालेल अशी स्लीपिंग बॅग. शाळेनं खर्चाला आधीच होकार दिलेला होता, म्हणजे पैशांचं काही अडलं नव्हतं. अडलं ते इंगळे सरांपाशी.

मी मोबाइलवर शोधून दाखवलं. कुठली पिसांची, कुठली कृत्रिम धाग्याची, कुठली डोक्यापर्यंत बंद होणारी. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "फोटोत सगळंच गरम दिसते, भौ."

म्हणून आम्ही जालन्याला गेलो. खेळाच्या सामानाच्या एका दुकानात दोन बॅगा होत्या. दुकानदार माहिती सांगायला लागला तसं सरांनी चपला काढल्या, बॅग फरशीवर पसरली आणि भर दुपारी, गिऱ्हाइकं उभी असताना, आत शिरून चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी क्रिकेटच्या बॅटी पाहायला लागलो. मग आतून आवाज आला, "फिजिक्सवाले, चेन अटकली." ती मी आणि दुकानदारानं मिळून सोडवली.

बॅगेच्या लेबलवर दोन आकडे होते. मी समजावून सांगितलं, की एवढ्या थंडीपर्यंत माणूस सुखानं झोपतो तो पहिला आकडा, आणि एवढ्या थंडीपर्यंत नुसता कसाबसा निभावतो तो दुसरा. दुकानदार दुसरा आकडा मोठ्यानं सांगत होता. "म्हंजे हे मराले किती पुरते ते सांगून राह्यले," सर म्हणाले. "मले झोपाचं पाहिजे." कापड दोन बोटांत चोळून त्यांनी बॅग परत केली. "मच्छरदाणी आहे ही." इथेही ते बरोबरच होते. ती बॅग आंब्याच्या झाडाखाली लोळायलाच ठीक होती. पण एका वाईट बॅगेवरून त्यांनी जगातल्या सगळ्या बॅगा निकालात काढल्या, आणि येताना बसमध्ये सिंदखेडराजा यायच्या आत निर्णय झाला होता. पिशवी इथेच बनवायची. कापसाची.

"आपण कापसाच्या मुलखातले लोक," ते म्हणाले. "आपल्या पोरीले बदकाच्या पिसात झोपवाचं?"

आता हे कापसाचं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर हा माणूस नुसता हट्टी वाटेल. त्यांची आई खामगावला जिनिंगमध्ये कामाला होती. दोन पाळ्या असल्या की लहानग्या पोराला घरी कोणाजवळ ठेवायचं, म्हणून सोबत न्यायची आणि सरकी काढलेल्या रुईच्या ढिगात कडेला निजवायची. "नाक तेवढं बाहेर ठेवाची," ते सांगायचे. "अंगावर सदरा एकच. भायेर पौषातली थंडी. आन मी आतमंदी घामानं भिजून जावो. तशी झोप मले पुन्हा कवाच नाही लागली." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. स्टाफरूममध्ये ही गोष्ट सगळ्यांनी पाच-सहा वेळा ऐकलेली, तरी कोणी मध्ये बोलत नसे. आईच्या हातच्या उबेपुढे मी भौतिकशास्त्र काय सांगणार होतो?

सांगितलं मात्र. एकदा. मी बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो आणि ते शेजारी बसून पिशवीची मापं काढत होते. मी म्हणालो, "सर, कोरडा कापूस गरम असतो. ओला झाला की संपलं. बर्फात ओल लागणारच."

"ओल कुठून लागंल? तंबू मेणानं बुजवले न आपण."

"तो तंबू इथला, सर. तिथला तिथला. आणि बाहेरून नाही आली तरी श्वासातून, अंगातून..."

"फिजिक्सवाले," ते मापाच्या फितीतून मान वर न करता म्हणाले, "तुमी कवा झोपले बर्फात?"

मी कधी झोपलो होतो? मी पुढचा पेपर घेतला.

गावातल्या गादी कारखान्याच्या शब्बीरभाईंकडे पिशवी शिवायला पडली. रुई सरांनी स्वतः निवडली, दोनदा पिंजून घेतली. आतून मऊ सुती कापड, बाहेरून छत्रीचं. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून वीतभर अंतरावर आडवे टाके. शब्बीरभाई म्हणाले, "सर, मैंने चालीस साल में ऐसी चीज नहीं बनाई." आणि खरंच, चीज देखणी झाली होती. वजन साडेपाच किलो. मी म्हणालो, मुलीनं एवढं वाहायचं? सर म्हणाले, ती विटा वाहते.

मग सरांची तपासणी. माझ्या प्रयोगशाळेतला तापमापक नेऊन सलग चार रात्री ते शाळेच्या गच्चीवर झोपले. सकाळी पारा नऊ अंशांवर, आणि हा माणूस पिशवीतून निघतोय तो कपाळावर घाम घेऊन. स्टाफरूमच्या फळ्यावर, सूचना लिहितात तिथे, त्यांनी खडूनं लिहिलं: बाहेर नऊ, आत जिनिंग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमची थंडी कोरडी, खडखडीत; तिच्यात कापसाला लागलेली ओल दिवसा उन्हात उडून जायची. तंबूवर टँकर सोडणाऱ्या माणसाला पिशवीवर तांब्याभर पाणी टाकून पाहायचं सुचू नये? मला सुचलं होतं. मी टाळ्या वाजवत होतो.

निघायच्या दोन दिवस आधी पूनमचे वडील पिशवी घेऊन शाळेत आले. त्यांनी दुकानातली जुनी ट्यूब कापून, घासून, पिशवीच्या खालच्या बाजूला डोक्यापासून पायापर्यंत रबर चिकटवलं होतं. "खालून ओल लागाया नको पोरीला," ते म्हणाले. काम असं सफाईदार की कुठे एक फुगा नाही. सरांनी त्यावरून हात फिरवला आणि त्या माणसाला मिठीच मारली. पूनम मागे उभी होती. पिशवीच्या तोंडाशी तिनं लाल दोऱ्यानं आपलं नाव भरलं होतं, आणि ती हसत होती. या मुलीला दात दाखवून हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि मला दिसलं. अंगातून निघणारी वाफ कापसातून खाली जाणार, बर्फावरच्या गार रबराला लागणार आणि तिथेच पाणी होऊन बसणार. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्यावर थेंब येतात, ते मी दर वर्षी शिकवतो. रबर बाहेरची ओल आत येऊ देणार नव्हतं आणि आतली बाहेर जाऊ देणार नव्हतं. हे मला त्या क्षणी, तिथे उभ्या उभ्या कळलं. समोर काळ्या हातांचा तो बाप, ती मुलगी, ते सर. मी म्हणालो, "छान झालंय."

पूनम गेली. सरांनी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि दोन आठवडे रोज स्टाफरूममध्ये तिथल्या हवामानाचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. "उणे सात! पोरगी आत घामानं भिजली असंल."

परत आल्यावरही पूनम शाळेत आली ती दोन दिवस उशिरानं. सरांनी विचारलं, "झोप कशी लागली?" ती म्हणाली, "भारी लागली सर, पहिल्या रात्री." एवढंच. सर खुशीत पिशवी उघडायला बसले. चेन उघडताच कुबट वास आला. रबराकडच्या बाजूनं कापूस गोळे होऊन काळा पडला होता. त्यांनी त्या काळ्या डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दुसऱ्या रात्रीचं सांग."

तिनं सांगितलं. दुसऱ्या रात्री खालून ओलसर लागलं. वाळवायला ऊन नव्हतं. तिसऱ्या रात्री ओल वरपर्यंत आली, सकाळी पिशवी घडी करायला गेली तर ती कडक झालेली, घडीच होईना. "पाय लागतच नव्हते सर. चिमटा घेतला तरी कळत नव्हतं." तिथल्या डॉक्टरांनी तिला खालच्या मुक्कामावर पाठवलं. बाकीचे वर गेले, आणि ती सहा दिवस स्वयंपाकाच्या तंबूत मटार सोलत बसली. हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या अभ्यासक्रमाच्या यादीत नाव नव्हतं.

"तू तिथल्या सरांना मागायची नाही का दुसरी बॅग?" मी विचारलं.

"दिली होती त्यांनी, खाली गेल्यावर," ती म्हणाली. "आधी मीच बोलले नाही. इंगळे सरांनी एवढी बनवून दिली..."

बोलली नाही. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

त्यानंतर गावात जे व्हायचं ते झालं. फाट्यावर चहा पिताना लोक म्हणू लागले, की पोरीला थंडी सोसली नाही, पोरींचं कामच नव्हे ते. वडील पंक्चर काढत राहायचे, मान वर करायचे नाहीत. माझी तळमळ होत होती आणि राग सगळा इंगळे सरांवर निघत होता, मनातल्या मनात.

दोन-तीन दिवसांनी बारावीच्या जादा तासासाठी मी सकाळी साडेसहालाच शाळेत आलो. गच्चीच्या जिन्यावर पाणी ओघळलेलं दिसलं म्हणून वर गेलो. ती पिशवी तिथे पसरलेली, पाण्यानं निथळत होती, आणि आत इंगळे सर. ओठ निळे, दात वाजत होते. बाजूला रिकामी बादली. माझा संताप झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. "काय मिळवलंत तुम्ही हे करून? मुलीची संधी परत येणार आहे का? मी सांगितलं होतं तुम्हाला! रबर लावलं त्याच दिवशी मला कळलं होतं काय होणार ते!"

ते थरथरत उठून बसले. मग एवढंच म्हणाले, "वापरल्याशिवाय बोलू नाही. आता बोलतो."

त्याच दिवशी परिपाठाला, प्रार्थना संपल्यावर, ते पुढे आले. अजून अंग कापत होतं. गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली. ती वाजते हे शाळेला तेव्हा कळलं. रस्त्यावरची माणसंही थांबून बघू लागली. बहुतेक त्यासाठीच वाजवली असावी. "पूनमची पिशवी मी बनवली," ते म्हणाले. "चुकीची बनवली. काल रात्री मी त्या ओल्या पिशवीत झोपलो, इथं, जिथं बर्फ नाही. मले चार तासच जड गेले. तिनं बर्फात दोन राती काढल्या आन तोंडातून शब्द नाही काढला. पोरगी कच्ची नाही पडली. पिशवी कच्ची पडली, आन पिशवीवाला. फाट्यावर ज्याले बोलाचं आहे त्यानं आधी माह्या संगं गच्चीवर येऊन झोपावं."

फाट्यावरचं बोलणं थांबलं. पण संधी काही परत आली नाही. सर बुलढाण्याला पाच खेपा घालून आले. शिबिर अकरावीचं, आणि पुढच्या हिवाळ्यात पूनम बारावीत असणार. नियम तो नियम, आणि तो सगळ्यांना सारखा होता. पाचव्या खेपेनंतर त्यांनी टेबलाच्या खणात अर्जाची प्रत टाकली आणि खण लावून घेतला. मे महिन्यात ते निवृत्त झाले, खामगावला गेले. निरोप समारंभात मी त्यांच्याविषयी पाच मिनिटं बोललो. टँकरची गोष्ट सांगितली, लोक हसले. बाकीचं काही बोललो नाही.

दीड वर्षानं, डिसेंबरातच, ते शेवटचे एकदा अचानक शाळेत आले. वाळले होते. माकडटोपी, हातात ही निळी स्लीपिंग बॅग. टेबलावर ठेवून म्हणाले, "पहा." मी लेबल पाहिलं. कृत्रिम धाग्याची, उणे बारा, आणि तो सुखानं झोपायचा आकडा होता.

"पंधरा दिवस झोपलो हिच्यात," ते म्हणाले. "चार कोरडे, अकरा ओले. पिळली का पुन्हा गरम होते. तुमचं बराबर होतं. पूनमले द्याची आहे. कुठं आहे ती?"

पूनम बुलढाण्याला होती, पोलीस भरतीच्या तयारीला. मी तिला फोन लावून दिला. तिनं सरांची तब्येत विचारली, खूप आपुलकीनं बोलली. मग काही वेळ सर नुसते ऐकत होते. "हाव," म्हणाले. "हाव पोरी. बराबर आहे." फोन परत देताना त्यांनी मला सांगितलं, की ती म्हणते आता डोंगराचं डोक्यातून काढलं सर, बॅग दुसऱ्या कोणाला द्या. मग स्वतःच कपाट उघडून लेझमांच्या पेटीवर जागा केली. बॅग ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

मी त्यांना मेहकरच्या बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेत पंक्चरचं दुकान लागलं. त्यांनी लांबूनच हात केला, आत गेले नाहीत. बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले.

"फिजिक्सवाले, एक विचारू? तुमाले तवा मालूम होतं न. कापसाचंबी आन रबराचंबी."

"मी बोललो होतो सर."

"एकदा बोलले. पेपर तपासता तपासता." त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. "मी तं असाच आहे, आयकत नाही, साऱ्या गावाले मालूम आहे. पण तुमी जोरानं काऊन नाही बोलले?"

कंडक्टरनं आत व्हा म्हटलं. ते चढले, खिडकीपाशी बसले, काच सरकवली आणि माझ्याकडे पाहत राहिले, उत्तरासाठी. मी उत्तर दिलं. दिलं मी. पण बस सुरू झाली होती, इंजिनाचा आवाज होता, आणि मी नेहमीसारखाच हळू बोललो होतो. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत इंगळे सर खिडकीतून अर्धे बाहेर वाकलेले होते, माकडटोपी वर सरकवून, कानामागे हात धरून.